मिसच्या डब्यातली चाळीस कार्डं

थांबा, मला पहिल्यापासून सांगू द्या, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल कान म्हणजे कोण, आणि सगळ्या गोष्टीचा विचका होईल.

तर मी त्या डिक्शनरीच्या ऑफिसात लागले हे तुम्हाला माहितीये. खाली छपाई आणि पुस्तकबांधणी, वर तीन खोल्या. मधल्या खोलीत एक लांबलचक टेबल आणि मागे भिंतभर पत्र्याचे डबे, प्रत्येक डब्यावर इंग्रजी अक्षरं चिकटवलेली. री, अन, डिस, प्री, मिस. आमच्या संपादकबाईंची पद्धतच तशी, सारख्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द एका डब्यात, आणि अख्खा डबा एकाच माणसाकडे. एका शब्दाला एक कार्ड. पुढे इंग्रजी शब्द, मागे आपण लिहायचा मराठी अर्थ. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांच्यासाठी ही डिक्शनरी आहे. त्यामुळे बाईंचा एकच धोशा, अर्थ वाचून अर्थ कळला पाहिजे, तो कळायला दुसरी डिक्शनरी उघडावी लागता कामा नये.

आणि हे तपासायला कान.

कान म्हणजे एक मावशी, पंचावन्नच्या आसपासच्या. सगळं ऑफिस त्यांना तोंडावर कान म्हणतं, त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी आपली मावशी म्हणते. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला त्यांची खुर्ची, तिच्यावर चिंध्या भरून घरी शिवलेली उशी. आपण समोर बसायचं, कार्ड हातात धरायचं आणि मागचा अर्थ वाचायचा. इंग्रजी शब्द उच्चारायचाच नाही. त्या डोळे अर्धे मिटून ऐकतात, आणि मग त्या अर्थाला बसेल असं घरचं काहीतरी सांगतात. तसं काही सुचलं तर त्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिकली काढतात, कार्ड पास. नाही सुचलं तर त्यांचे दोनच शब्द, समजलं नाही. मग कार्ड परत. तिथे वाद घालायचा नाही, खुद्द बाई घालत नाहीत.

अट एकच, कानाला इंग्रजी येता कामा नये. बाई म्हणतात, ज्याला इंग्रजी येतं तो अर्थ ऐकत नाही, शब्द ओळखतो.

अकरा वर्षं मावशी त्या खुर्चीत आहेत. त्याआधी खाली बांधणीत होत्या, सुई-दोऱ्याने पुस्तकं शिवायच्या. मग बोटांचे सांधे असे सुजले की स्वतःच्या ब्लाउजची हुकं सुनेकडून लावून घ्यायची वेळ आली. तेव्हा बाईंनी त्यांना वर आणलं. म्हणजे बघा, ही खुर्ची गेली तर खाली सुईच आहे. तिसरं काही नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं.

मला मिळाला मिसचा डबा, आधी त्यातली वरची चाळीस कार्डं. आता तुम्ही हसाल, पण माझ्या मराठीचा मला केवढा तोरा होता तुम्हाला माहितीये. पहिलं कार्ड मिसप्लेस. मी लिहिलं, वस्तू अयोग्य स्थानी स्थापित केल्यामुळे तिच्या स्थानाचे विस्मरण होणे. वाचताना मला स्वतःलाच भारी वाटलं. मावशींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांनी चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला होता आणि दोन दिवस सगळ्या घरावर आळ घेत फिरत होते. टिकली.

मिसजज. व्यक्तीच्या मूल्यमापनात विपर्यास होणे. मावशी म्हणाल्या, सून घरात आली तेव्हा मला वाटलं अगदी घुमी आहे, आता तीच एवढी बोलते की मला जागा नाही. टिकली. मिसफिट, परिवेशाशी विसंगत व्यक्ती. त्यांनी दिराचं उदाहरण दिलं, चार भावांत एकटाच कसा वेगळा, भांडणच करत नाही. टिकली.

नऊ दिवसांत चाळीसच्या चाळीस. एकही परत नाही. प्रीच्या डब्यावर बसलेला दादा सहा वर्षं जुना, त्याची रोज चार-पाच परत यायची. तो म्हणाला, नवे, काय खाऊन येतेस? मी हवेत. घरी आईला फोन करून सांगितलं की मला कायम करतील बहुतेक.

मग आला शिवणवर्ग.

छापायच्या आधी बाई प्रत्येक डब्याचे अर्थ टाइपिस्टकडून टाइप करवून बाहेर पाठवतात, कधी कुठल्या कामगारांच्या वर्गाला, कधी कुणाला. या वेळी शिवण शिकणाऱ्या बायकांचा वर्ग होता. कळलं तर बरोबरची खूण करायची, नाही कळलं तर गोल. माझे कागद परत आले आणि त्यांवर नुसते गोल गोल गोल, अंड्यांचा ट्रे आडवा झाल्यासारखे. चाळीसपैकी एकतीस. एकीने तर मिसप्लेसच्या अर्थापुढे लिहिलं होतं, हे मराठीत सांगाल का?

मी कागदांच्या कोठीत जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, चांगली नाक लाल होईपर्यंत रडले.

पण बाई मला काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या कानाला, तेही सगळ्यांसमोर आणि अगदी शांतपणे, जे ओरडण्यापेक्षा वाईट. म्हणाल्या, नवी चुकणारच, ती नवी आहे, म्हणूनच तर कान आहे. तुम्ही चाळीस पास केलेत आणि तिथे एकतीस अडले. एक तर वर्गाने कंटाळून गोल मारलेत, नाहीतर तुम्ही कंटाळून टिकल्या. शुक्रवारी मी स्वतः हीच कार्डं घेऊन बसते. कान जागेवर नसेल तर मला दुसरा बघावा लागेल.

मावशी नुसतं बरं म्हणाल्या. पण त्यांचे हात टेबलाखाली गेले. ती सुजलेली बोटं.

आता मी मनातून त्यांच्यावर चिडलेली, हेही सांगते. मला वाटलं, बाई बरोबर बोलतायत, हिने न ऐकताच टिकल्या मारल्या आणि माझं हसं केलं. जेवायच्या सुट्टीत मी तणतणत कार्डं डब्यात कोंबत होते, त्यातलं एक उडून त्यांच्या पायाशी पडलं, शब्दाची बाजू वर. त्यांनी वाकून उचललं, बघितलं आणि म्हणाल्या, "हे घे. मन कच खातं तेव्हाचं."

मी घेतलं. वर छापलेलं, मिसगिव्हिंग.

मागची बाजू त्यांनी बघितलीच नव्हती.

आम्ही दोघी तशाच उभ्या. त्यांच्या लक्षात आलं, माझ्या लक्षात आलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की माझ्या लक्षात आलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हो, त्यांच्या खुर्चीत, त्या उशीवर. स्वतः माझ्या जागेवर बसल्या, कार्ड उचललं, आपण वाचताना धरतो तसं डोळ्यांसमोर धरलं आणि मागचा अर्थ वाचायला लागल्या.

आणि माझ्या नाकासमोर ठळक अक्षरांत इंग्रजी शब्द.

अकरा वर्षं! अकरा वर्षं हे सगळे शहाणे त्यांच्यासमोर बसून शब्द त्यांना दाखवतायत आणि अर्थ ऐकवतायत, दिवसाला तीस-तीस कार्डं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कारण काय, तर त्यांना इंग्रजी येत नाही. अक्षरं त्यांना आधीपासून येत होती, खाली बांधणीत कागदाच्या घड्या ए, बी, सी अशा खुणांनीच ओळीने लावतात ना, तिथून. बाकीचं आम्ही घरपोच दिलं.

त्या म्हणाल्या, पहिली दोन-तीन वर्षं काही कळत नव्हतं. मग डब्यांचं कळायला लागलं. एका डब्यातले शब्द म्हणजे एका घरातली माणसं, चेहरेपट्टी सारखी. रीच्या घरातले सगळं पुन्हा पुन्हा करणारे. अनच्या घरात सगळी नकारघंटा. प्रीवाले आगाऊ, कायम आधी येऊन बसलेले. मिसच्या घरात बिचाऱ्यांचं काहीच धड होत नाही, ठेवायला जातात तर हरवतं, बोलायला जातात तर भलतंच होतं. एकदा घर कळलं की नवीन माणूस दारातूनच ओळखता येतो.

मी विचारलं, मग माझे अर्थ?

"तुझा एकसुद्धा मला कळला नाही, पोरी. पहिल्या दिवसापासून. मी शब्द बघत होते आणि उदाहरण देत होते."

मग पास का केलेत, असं मी अगदी रडवेलं होऊन विचारलं. तर म्हणाल्या, तुझ्या आधी या जागेवर तिघं येऊन गेली. प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात पंधरा-वीस परत दिली, आणि प्रत्येक जण महिन्यात पळालं. तू पहिलं कार्ड वाचलंस तेव्हा तुझा हात एवढा थरथरत होता की शब्द वाचायला मला त्रास झाला. म्हटलं, एक सोडू. एक सोडलं की दुसरं अडवायला तोंड राहत नाही.

आता सांगा, अशा माणसावर किती वेळ चिडणार?

मी म्हटलं, शुक्रवारला तीन दिवस आहेत, मी चाळीसच्या चाळीस नव्याने लिहिते. बाई कार्डं वाचतील, ती खरंच सोपी असतील, तुम्ही उदाहरणं द्याल, संपलं. पण मेख अशी की ती सोपी झालीत का हे सांगणार कोण? मावशींना शब्द माहीत. त्यांना आता न कळणं जमणार नव्हतं. त्यांनी प्रयत्न करून बघितला हो, मी कार्ड पाठीमागे लपवून वाचलं, पण डबा कुठला हे ठाऊक असल्यावर दोन शब्द ऐकताच त्यांना सगळं कळायचं, आणि मग त्या ओशाळवाणं हसायच्या.

म्हणून आम्ही खाली गेलो, पार्सलवाल्याकडे.

पार्सलवाला म्हणजे पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधणारा. मावशी खाली होत्या तेव्हापासूनचा त्यांचा दोस्त, त्यांना ताई म्हणतो. इंग्रजीचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा. तीन दिवस दुपारच्या सुट्टीत आम्ही गठ्ठ्यांवर बसून त्याला अर्थ वाचून दाखवले, आणि त्या माणसाला समजलं नाही म्हणायला इतकं आवडायला लागलं की काय सांगू. तोंडात घास असताना मान हलवायचा. मी लिहिलं, चुकीच्या मार्गाने नेणे. तो म्हणाला, समजलं नाही, कुणी नेलं, कुणाला नेलं, तो आंधळा होता का? मी लिहिलं, एखाद्याला भलत्याच वाटेला लावणं. मग तो म्हणाला, हां, परवा एका माणसाला मी स्टँड उजवीकडे सांगितला, होता डावीकडे. मावशी हळूच म्हणाल्या, हे खरं ऐकणं.

मिसप्लेस झालं, कुठेतरी ठेवून विसरणं. मिसफिट झालं, जिथे आहे तिथे न जमणारा. माझे भारदस्त अर्थ कार्डावर साध्या चार-चार शब्दांचे झाले, आणि खरं सांगू, लिहायला ते दसपट अवघड गेले. गुरुवारी चाळीसही झाले. मी खूश. मावशी मात्र पार्सलवाल्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, ह्याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. माझाही असाच होता पूर्वी.

शुक्रवारी सकाळी बाई बसल्या. खुर्चीत मावशी, समोर बाई, बाजूला मी, दादा प्रीच्या डब्याआडून कान टवकारून. बाईंनी मधूनच कुठलंही कार्ड ओढायचं आणि वाचायचं. एक, दोन, पाच, आठ. मावशींनी प्रत्येकाला घरचं काहीतरी दिलं. बाईंना अर्थ बदललेत हे माहीतच नव्हतं, त्यांनी माझी पहिली कार्डं कधी वाचली नव्हती, टाइपिस्टने परस्पर वर्गाला पाठवलेली, आणि परत आल्यावर बाईंनी फक्त गोल मोजलेले. बाराव्या कार्डाला बाईंनी चष्मा काढला आणि चक्क हसल्या. म्हणाल्या, हे तर कुणालाही कळेल. कान अगदी जागेवर आहे, माझंच चुकलं, मी सगळ्यांसमोर बोलले.

माझा जीव भांड्यात पडला. मी टेबलाखालून मावशींच्या गुडघ्याला हात लावला.

पण बाई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, म्हणजे वर्गानेच वेळ मारून नेली. इतके सोपे अर्थ आणि एकतीस गोल? त्या बायकांना शिकायचंच नाहीये. यापुढे बाहेर कागद पाठवणं बंद, आपला कान पुरे आहे.

मी मावशींकडे बघितलं. त्यांनी काहीही बोलायची गरज नव्हती, तुम्ही लक्षात घ्या. खुर्ची वाचली होती. माझी नोकरी वाचली होती. नुसतं मान हलवून उठायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, उठा, मावशी, उठा.

त्या म्हणाल्या, "त्यांनी गोल केले ते खरे होते, बाई. माझ्या टिकल्या खोट्या होत्या."

बाईंना काही कळेना. मावशींनी समोरच्या हाताकडे बोट दाखवलं, बाईंच्याच, कार्ड धरलेल्या. "तुम्ही वाचता ना, तेव्हा शब्द माझ्याकडे असतो."

बाईंनी कार्डाकडे बघितलं. उलटं केलं. परत सुलटं केलं. मग त्या उठल्या, भिंतीवरून डिसचा डबा काढला, कार्ड ओढून मावशींसमोर धरलं. मावशी म्हणाल्या, विश्वास नाही तो. दुसरं. पसंत नाही. तिसरं. हा मात्र मला येत नाही. सगळे डबे नाही येत, बाई, निम्मे येतात.

मग मीही बोलून टाकलं, अर्थ आधी कसे होते, परत कसे लिहिले, पार्सलवाल्याकडे कसे गेलो. माझ्या जुन्या ओळी पाठ होत्या, त्या म्हणून दाखवल्या. स्थानाचे विस्मरण म्हणाले तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला.

बाईंनी डिसचं कार्ड डब्यात परत टाकलं. मग म्हणाल्या, नियम मीच केलाय, मला तो मोडता येणार नाही, खुर्ची सोडावी लागेल. कागद वर्गाला जातील, पहिल्यासारखेच. आणि कान म्हणून खालच्या त्या गृहस्थांना विचारा.

मावशी हो म्हणाल्या. उठल्या. उशी उचलून काखेत धरली, इतकी नीट, जसं काही हे घरूनच ठरवून आल्या होत्या. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी बाईंना म्हटलं, त्यांना घरं ओळखता येतात. बाई म्हणाल्या, कसली घरं? मी भडाभडा सांगत सुटले, रीचं घर, अनचं घर, आगाऊ प्रीवाले. प्रीवाला दादा मध्येच म्हणाला, सहा वर्षं हा डबा घेऊन बसलोय, मला हे कुणी सांगितलं असतं तर! बाईंनी त्याला नजरेनेच गप्प केलं आणि मावशींना विचारलं, हे कुणी शिकवलं? मावशी म्हणाल्या, कुणी नाही, तुम्हीच सगळ्यांनी.

बाई खिडकीशी गेल्या. परत आल्या. मग म्हणाल्या, तीन महिने बघू. त्यापुढचं मी आज सांगत नाही. प्रत्येक डब्याच्या सुरुवातीला चार ओळी हव्यात, ही अक्षरं पुढे असली की शब्दाचं काय होतं ते सांगणाऱ्या. तुम्ही सांगायचं, ही लिहील. पण ते कानाकडून पास व्हायला हवं, इतरांसारखंच.

तर सोमवारी बघा काय चित्र! खुर्चीत पार्सलवाला, अंगावर सुतळीचे धागे, आणि असा अवघडून बसलेला जसं काही फोटो काढायचाय. माझ्या शेजारी स्टुलावर मावशी. उशी त्यांनी त्याला दिली नाही, स्टुलावर घेतली. त्यांनी पहिली ओळ सांगितली, मी लिहून वाचली. शब्दाच्या पुढे मिस लागलं की समजावं, ते काम चुकलं.

पार्सलवाल्याने डोळे मिटले. उघडले.

"समजलं नाही, ताई."

मावशींचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. त्या म्हणाल्या, यात न समजण्यासारखं काय आहे? तो म्हणाला, मला सगळे मिस्टर म्हणतात, टपाल येतं त्यावर तसंच छापलेलं असतं, मग माझं काय चुकलं? दादा खो-खो हसला. मावशी हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना कुणी उलट विचारलंच नव्हतं. त्यांनी मिसचा डबा पुढे ओढला आणि एकेक कार्ड काढून दोन ढीग करायला लागल्या. मला आधी वरची चाळीसच दिली होती, तळाशी उरलेली बरीच होती. मिस्टर, मिशन, मिसाइल. बोटं दुखत होती त्यांची, दिसत होतं, कार्ड निसटत होतं, मी मदतीला गेले तर हात झटकला.

चहा आला, गार झाला. मोठा ढीग, लहान ढीग. मग लहान ढिगावर हात ठेवून त्या म्हणाल्या, लिही. या घरात काही भाडेकरूही राहतात. पाटी एकच असली तरी ते घरच्यांपैकी नाहीत, त्यांचं काही चुकलेलं नाही. शब्दातून मिस काढून बघावं. मागे नीट शब्द उरला तर बहुधा घरचा. नुसतं शेपूट उरलं तर भाडेकरू.

मी वाचून दाखवलं. पार्सलवाल्याने या वेळी डोळे मिटले ते मिटलेच, मला वाटलं झोपला. मग म्हणाला, आमच्या वरच्या मजल्यावर एक जण राहतो, पाच वर्षं झाली, सगळे त्याला घरमालकाचा मुलगाच समजतात, मीही समजायचो, भाडं भरताना बघितलं तेव्हा कळलं.

आणि पेन्सिल शोधायला लागला. मावशींनी आपली दिली.